दीडच्या आत

नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या गल्लीत
जैनुद्दीनमामूचं दुकान म्हणजे एक फळकूट,
एक पत्र्याची पेटी, आणि रॉकेलच्या थाळीत
पोटं उघडून पडलेले कार्ब्युरेटर.
मामू जेट काढतो, ओठांना लावून फुंकतो,
मग एक डोळा मिटून उन्हाकडे धरतो.
सुईच्या टोकाएवढं भोक.
त्यातून उजेड आला तर गाडी चालणार.

उजव्या तळव्यावर त्याच्या पांढरा डाग आहे.
ग्रीस कितीही चढो, संध्याकाळी साबण लावला
की पहिला तोच वर येतो.
शाळेत पोरं त्याच्या हातचा खडू घेत नसत.
तेव्हा नानीने त्याला उवैसची गोष्ट सांगितली.
मला ती मामूकडून मिळाली,
डबा पोचवायला गेले की, तुकड्यातुकड्यांनी.

यमनमध्ये, करनच्या वस्तीत
एक जण लोकांचे उंट राखायचा.
अंगावर कोड. दुआ मागितली, सगळं गेलं,
दिरहमएवढा एक डाग तेवढा उरला.
"राहू दे म्हणाला असेल," मामू म्हणतो,
"सगळंच पुसलं तर आठवायचं कशावरून?"
घरात म्हातारी आई. मदिनेत रसूल,
त्याच काळात, त्याच आभाळाखाली,
आणि हा त्यांना भेटलाच नाही.
कुणी सांगतात, एकदा गेला होता.
आईने वेळ बांधून दिली होती.
दारात कळलं, ते बाहेर गेलेत.
थोडा थांबला असता तर
(मामू इथे नेहमी पकड शोधू लागतो)
थांबला नाही. उंट वळवला.
बाकीच्यांची नावं राहिली ती भेटले म्हणून.
याचं, न भेटल्यानं.

पुढे खलिफा उमर हजच्या दिवसांत
यमनच्या प्रत्येक तांड्याला विचारायचे,
तुमच्यात उवैस आहे का, आमिरचा मुलगा?
सापडला तेव्हा म्हणाले, माझ्यासाठी दुआ कर.
कुफ्याच्या सुभेदाराला चिठ्ठी देऊ का तुझ्यासाठी?
नको म्हणाला. धुळीतल्या माणसांत बरा आहे.
"चिठ्ठी नको म्हणाला!" मामू मान हलवतो.
ससूनमध्ये, नानीच्या खुब्याच्या वेळी,
आम्ही नगरसेवकाच्या चिठ्ठीसाठी
तीन सकाळी जिन्यात उभे होतो.

हजच्या सोडतीत मामूचं नाव दोनदा लागलं.
पहिल्यांदा नानी मोरीत घसरली.
दुसऱ्यांदा काहीच झालं नव्हतं,
फक्त म्हणाली, जा बेटा. दीडपर्यंत येशील ना?
तिचे दिवस, महिने, मुलूख, सगळं तेव्हा
दीडपर्यंतच पोचत होतं.
मामूने भरलेले पैसे परत घेतले,
पाठीला फोड येऊ नयेत म्हणून पाण्याची गादी आणली.
शेजारचे शिकलगार जाऊन आले. हार, अत्तर, झमझम.
त्यांनी दिलेले खजूर मामूने दुधात कुस्करले,
चमच्याने नानीला भरवले.
बिया धुऊन पेटीत ठेवल्या, जेटच्या डबीशेजारी.

रजबमध्ये वर्ष होईल नानीला जाऊन.
मातीहून परतताना कुणी म्हणालं,
आता मोकळा झालास जैनू, अर्ज भरून टाक.
मामू चपला शोधत राहिला.

काल साताऱ्याहून एक जण आला,
वडिलांची बंद स्कूटर टेम्पोत घालून.
गल्लीभर विचारत होता, तुमच्यात जैनुद्दीन कोण?
मी डबा घेऊन पोचले तेव्हा
फळकुटापाशी नवा पोऱ्या त्याला सांगत होता,
"मामू घरी गेलेत. आईच्या जेवणाची वेळ."
"आजारी असतात का त्या?"
"नाही, त्या गेल्या की. मागच्या वर्षी."

माणूस पोऱ्याकडे बघत राहिला.
घड्याळात एक वीस झाले होते.
मग त्याने रॉकेलचा डबा उपडा केला
आणि सावली बघून बसला.